हिरोची पाठ

भात पिवळं पडायला लागलं की मला एका बाईचा हेवा वाटायला लागतो. ही बाई मला ओळखत नाही. मी तिच्याशी कधी एक शब्दही बोललेले नाही. ती मुंबईत राहते, हिंदी सिनेमात काम करते, आणि आता तिचे सिनेमेही फारसे येत नाहीत. तरी दसरा झाला, दुपारचं ऊन चावायला लागलं, उधव्याच्या आमच्या शेतात लोंब्या माना टाकून उभ्या राहिल्या, की ती हजर होते.

एरवी वर्षभर तिला माझ्याकडे जागा नसते. शाळेतली हजेरी, पोषण आहाराची खिचडी, केंद्रावरच्या मीटिंगा, घरी सासूबाईंचे गुडघे, यात कोण कुणाला आठवतं. पण दिवाळीची सुट्टी लागते, कापणी सुरू होते आणि त्याच सुमारास कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर तो सिनेमा लागतो. अलीकडे तर चॅनेलचीही गरज उरली नाही. त्यातला एक तुकडा मोबाईलवरच फिरत असतो. पिवळ्या भातातून जाणारा रुंद बांध, एक जुनी मोटारसायकल, ती चालवणारा पाठमोरा हिरो, आणि मागे त्याच्या कमरेला हात घालून, पाठीवर गाल टेकून बसलेली ती. मागे गाणं. कुठली कुठली पोरंपोरी तो तुकडा स्टेटसला ठेवतात. माझ्या नणंदेच्या मुलीने, काजलने, यंदाही ठेवला.

त्या तुकड्यात हिरो नाही. ती पाठ दिलीपची आहे. दिलीप म्हणजे माझा नवरा.

तेव्हा तो नवरा नव्हता, व्हायचा होता. तलासरीच्या कॉलेजात आम्ही एकमेकांना पाहिलं, मग घरच्यांना सांगितलं, आणि फार कुणी आडवं आलं नाही. गणपतीनंतर साखरपुडा झाला. तुळशीचं लग्न लागलं की आमचं लावायचं असं ठरलं. माझं माहेर कैनाडचं, तो उधव्याचा. त्याच्याकडे टेम्पो होता. चिकू, वांगी, मोगरा, जे मिळेल ते भरून तो वापीच्या बाजारात नेऊन टाकायचा. मधल्या दिवसांत काही ना काही निमित्त काढून टेम्पो कैनाडला वळवायचा. आई म्हणायची, "वापीचा रस्ता आपल्या दारावरून कधीपासून जायला लागला?"

त्याच कापणीत शूटिंगवाले आले. डहाणूला सुरूच्या झाडांतल्या एका हॉटेलात उतरले आणि शेत शोधत शोधत कैनाडला आमच्या पाड्यावर पोचले. आमच्या शेतामागे डोंगर आहे, मधून बैलगाडी जाईल एवढा बांध आहे, आणि बाबांचं भात गरवं, उशिरा पिकणारं. सगळीकडचं कापून झालं तरी आमचं सोन्यासारखं उभं. त्यांना तेच पाहिजे होतं. लाइटा, स्टँड, छत्र्या वाहायला त्यांना टेम्पो लागत होता, म्हणून दिलीपला काम लागलं. मला वाटलं, बरं झालं, रोज दिसेल.

रोज दिसला. आणि ती पण रोज दिसली.

ती सुंदर होती हे मी नाकारत नाही. उन्हात कोणी इतकं कोरडं कसं राहू शकतं, हे मला कळत नव्हतं. आम्ही बायका विळे घेऊन पलीकडच्या खाचरात कापत होतो. घामाने ब्लाउज पाठीला चिकटलेला, केसांत कोंडा, हातांना भाताच्या पात्यांचे ओरखडे. आणि ती छत्रीखाली बसून नारळपाणी प्यायची. सिनेमात ती शेतकऱ्याची मुलगी होती. तिच्या हातात विळा दिला तेव्हा तिने तो कंगव्यासारखा धरला. आई हसून खाली बसली. मी हसले नाही.

मोटारसायकलच्या दिवशी काय झालं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. हिरो सिनेमात गावचा रांगडा मुलगा होता, प्रत्यक्षात बांधावर गाडी घातली की त्याचे पाय दोन्हीकडे लोंबकळायचे. एकदा तो सरळ खाचरात गेला. चिखल नव्हता फारसा, पण पडला तो पडला. मग त्यांची आपसात बोलाबोली झाली. टोपी घातलेला डायरेक्टर इकडेतिकडे बघायला लागला, आणि त्याची नजर स्टँड उचलून उभ्या असलेल्या दिलीपच्या खांद्यांवर थांबली.

"बाइक चलाते हो?"

"हां साब."

"इस पे?"

दिलीपने बांधाकडे पाहिलं. तो लहानपणापासून असल्या बांधांवरून गाडी घालत आलाय. त्याने नुसती मान हलवली.

त्याला हिरोचा आकाशी शर्ट घालायला दिला. केस ओले करून मागे फिरवले. तो गाडीवर बसला, मग ती येऊन मागे बसली. काहीतरी बोलली, त्याने मान न वळवता उत्तर दिलं. मग तिने हात पुढे घेतले. डायरेक्टर लांबून ओरडला, "थोडा और नजदीक, मॅडम." तिने गाल टेकवला.

माझ्या शेजारी आई उभी होती. तिने हळूच विचारलं, "बाय, तो आपलाच ना?"

मी म्हटलं, "आपलाच होता."

एकदा गेली गाडी. ढग आला, म्हणून पुन्हा. तिचे केस तोंडावर आले, म्हणून पुन्हा. मध्येच बगळे उडाले, म्हणून पुन्हा. पुन्हा म्हटलं की तो गाडी वळवून आणायचा, आणि ती पुन्हा गाल टेकवायची. आमच्या कापणीतल्या बायका विळे खाली ठेवून बघत होत्या. मी कापत राहिले. पण मला सगळं दिसत होतं.

मला नेमकं काय खुपलं ते सांगते. तिचे हात नाही. हातांचं मी समजू शकत होते, ते कामाचे हात होते. मला खुपलं त्याचं गाडी चालवणं. मी त्याच्या मागे किती वेळा बसले होते. अच्छाडच्या हायवेला तो ट्रकशी शर्यत लावायचा. मान वळवून टायरच्या किमती सांगायचा. मागे मी आहे की चिकूचा क्रेट आहे, याने त्याच्या चालवण्यात काही फरक पडत नसे. आणि त्या बांधावरून मात्र तो असा चालला होता, जसा काही काठोकाठ भरलेला हंडा घेऊन निघालाय आणि एक थेंबही सांडू द्यायचा नाही. खांदे स्थिर. पाठ ताठ, तरी मऊ. ही पाठ माझी होणार होती, आणि तिचं हे रूप मी आधी कधी पाहिलं नव्हतं. दुसरीसाठी ते बाहेर आलं होतं.

संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर आला. शर्ट त्यांनी त्यालाच देऊन टाकला होता, तो पिशवीत होता.

"कसं झालं?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस. मला सिनेमातलं काय कळतं."

"अगं हेमा, ती मला भैया म्हणाली. दिलीप भैया, गिराओगे तो नहीं, असं."

"भैया म्हटलं की पाठ भावाची होते का?"

तो हसला, मग माझं तोंड बघून थांबला. "काम होतं ते. त्यांनी सांगितलं तसं केलं."

"इतकं हळू चालवायला पण त्यांनीच सांगितलं?"

दिलीपला खोटं बोलता येत नाही. लोक याला गुण म्हणतात. तो जरा वेळ पिशवीशी चाळा करत राहिला आणि म्हणाला, "नाही. ती पडली तर काय, असं वाटलं."

"आणि मी?"

"तू कुठली पडतेस."

आज मला त्या वाक्यातला विश्वास कळतो. तेव्हाही कळला असेल. पण नुसता विश्वास पोटाला पुरत नाही. मी आत निघून गेले.

त्यानंतर काही दिवस मी त्याचा फोन घेतला नाही. शूटिंग चाललंच होतं, टेम्पो येत होता, जात होता, मी ओट्यावर आले नाही. आईला म्हटलं, लग्न पुढे ढकला. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, असंच. ती खोलगट सूप मांडीवर घेऊन पाखडत होती. पाखडता पाखडताच म्हणाली, "सिनेमावाली चार दिवसांनी जाईल. हा राहणार आहे. राहणाऱ्याशी भांडावं, पण लग्न झाल्यावर. आधी भांडून काय मिळतं?"

शूटिंगवाले गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दिलीप मोटारसायकल घेऊन आला. म्हणाला, चल डहाणूला, समुद्रावर जाऊन येऊ. मी बसले. आणि तो अशी गाडी चालवायला लागला की मागून येणाऱ्या सायकली आमच्या पुढे गेल्या. एक म्हातारा चालता चालता आमच्याकडे बघून गेला.

"हे काय चाललंय?"

"तुला हळू पाहिजे होतं ना."

"मागून घेतलेलं नको होतं मला."

त्याने गाडी चिकूच्या वाडीपाशी थांबवली. म्हणाला, "मग काय करू ते तरी सांग. ती बसली तेव्हा मला भीती वाटत होती. तू बसतेस तेव्हा वाटत नाही. आता ती भीती कुठून आणू?"

राग गेला नव्हता, पण रागाने धरायला जागाही उरली नव्हती. आम्ही समुद्रावर गेलो, भजी खाल्ली, त्याच्या नेहमीच्या वेगाने परत आलो. तुळशीचं लग्न झालं, मग आमचं झालं. आमच्या लग्नाच्या व्हिडिओत दिलीप एकदाही माझ्याकडे बघत नाही. त्याचं सगळं लक्ष मांडवाच्या कोपऱ्यात, जिथे भाताचं पातेलं लागलं होतं म्हणून गडबड चालली होती. हा माझा सिनेमा.

दुसरा सिनेमा पुढच्या वर्षी आला. वापीच्या टॉकीजला आम्ही चौघं गेलो, मी, दिलीप, माझी नणंद वनिता आणि तिचा नवरा. लहानगी काजल वनिताच्या मांडीवर झोपली होती. तालुक्यातली निम्मी माणसं तिथे भेटली, आमचं शेत बघायला आलेली.

सिनेमाला मी नावं ठेवायला बसले होते, आणि नावं ठेवण्यासारखं भरपूर होतं. गावातली माणसं कुठलीच भाषा धड बोलत नव्हती. हिरोईन सकाळी उठते ती ओठ रंगवूनच. शेतात जाते ती अनवाणी, आणि तळपाय गोरे. सगळ्यात कहर म्हणजे पिकलेल्या भातावर पाऊस पाडला होता. टँकरने पाडलेला तो पाऊस मी पाहिला होता. कापणीत आभाळ भरून आलं की आमच्याकडे माणसं देवाचं नाव घेत भारे झाकायला धावतात. इथे दोघं त्या पावसात लोंब्या तुडवत नाचत होती. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मेल्यांनो, भात भिजलं सगळं." टॉकीज हसली. मला बरं वाटलं.

प्रेमाचंही तेच. हिरो शहरात जातो, वर्षानुवर्षं एक निरोप नाही. मग एक दिवस येतो, एक वाक्य बोलतो, आणि ती त्याच्या गळ्यात पडते. दिलीपला अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत उशीर झाला तर मी निदान चार प्रश्न विचारते. अख्ख्या सिनेमात दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला, जेवलीस का, असं विचारलं नाही. कुणाला ताप आला नाही, कुणाचे पाय दुखले नाहीत.

हे सगळं खरं. पण सिनेमा वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. आमच्याच शेतावरचं संध्याकाळचं ऊन त्यात असं होतं, की मी रोज त्यात उभी असून मला ते दिसलं नव्हतं. आणि एक प्रसंग आहे. हिरो गाव सोडून चाललाय, ती अंगणात कपडे वाळत घालतेय. ती रडत नाही, हाक मारत नाही. दोरीवर घातलेला एकच कपडा काढते, झटकते, परत घालते. परत काढते. तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला तिचा आणखीच राग आला. बाई नुसती दिसायला चांगली असती तर मी निभावून नेलं असतं. तिला कामही येत होतं.

मग तो तुकडा आला. वनिता ओरडली, "आमचा दिल्या." पुढच्या मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. सगळे पडद्याकडे बघत होते, मी शेजारी बघितलं. पडद्याचा पिवळा उजेड दिलीपच्या तोंडावर पडला होता. तो हसत होता, पण ते हसू मला माहीत असलेल्या हसण्यांपैकी नव्हतं. लहान होतं, आतल्या आत. तो स्वतःला बघत होता की तिला, हे मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. घरी येईपर्यंत आम्ही चिकूच्या भावावर बोललो.

तेव्हापासून हे असंच चाललंय. अच्छाडच्या ढाब्यावर तो टेम्पो लावतो, तेव्हा गल्ल्यावरचा गुजराती काका म्हणतो, "आवो हीरो." दिलीप म्हणतो, "काय काका, जुनी गोष्ट," पण खुर्ची जरा ऐटीत ओढतो. सासूबाई येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. मी चहा करते आणि आतून माझ्या सवतीचं कौतुक ऐकते. "इतकी मोठी हिरोईन, पण आमच्या दिलीपला भैया म्हणून बोलायची," असं त्या म्हणतात. सवतीला घरात इतका मान मिळालेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

यंदाच्या दिवाळीत काजल आमच्याकडे राहायला आली. आता ती कॉलेजात जाते. दुपारी आम्ही खळ्यावर होतो. दिलीप फळीवर भात झोडत होता, मी पेंढा बाजूला करत होते, काजल थोडं काम आणि जास्त मोबाईल करत होती. अचानक म्हणाली, "मामा, तुझी हिरोईन बघ. इंटरव्ह्यू दिलाय. तुझ्याच शॉटबद्दल विचारलंय."

दिलीपचा हात थांबला नाही. पण झोडणीचा आवाज हळू झाला.

काजलने आवाज मोठा केला. ती आता थोडी भरली आहे, केस कापलेत, अजून सुंदर दिसते. मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं, तो बाइकचा शॉट इतक्या वर्षांनी लोकांना आवडतो, काय जादू होती? ती हसली. हिरोचं नाव घेतलं. त्याने त्या शॉटसाठी किती मेहनत घेतली, बांधावर गाडी चालवायला कसा शिकला, ते सांगितलं. मग म्हणाली, "किसी और के पीछे बैठती तो मैं आँखें बंद ही नहीं कर पाती."

पलीकडच्या शेतात कुणीतरी बैलाला हाकलत होतं.

"परत लाव," दिलीप म्हणाला.

काजलने परत लावलं. त्याने भाताची पेंडी हातात तशीच धरून पूर्ण ऐकलं. मग म्हणाला, "बरोबर आहे. तिला कुठलं आठवणार." आणि झोडायला लागला. पण ताल गेला होता. दाणे फळीच्या बाहेर उडत होते.

माझ्या मनात दोन गोष्टी एकदम उसळल्या. पहिली नेहमीची. त्याने परत लाव का म्हटलं? त्याला लागलं का? म्हणजे इतकी वर्षं हा ते कुठेतरी जपून होता, माझ्या घरात राहून, माझ्या हातचं जेवून. आणि दुसरी गोष्ट मला नवीन होती. ही विसरली कशी? जिच्यामुळे मी लग्न मोडायला निघाले होते, दर कापणीला जिच्यावर जळले, तिला माझ्या माणसाची आठवणसुद्धा नाही? चोराने घरातलं सोनं न्यावं आणि पुढच्या वळणावर गटारात टाकून जावं, तसं मला झालं. तिने दिलीपला मनात ठेवलं असतं तर मला सहन झालं नसतं. तिने ठेवलं नाही, हे तर अजिबात सहन होईना.

"दे इकडे," मी काजलला म्हटलं.

"मामी, काय करतेस?"

मी त्या व्हिडिओखाली लिहिलं. शाळेत फळ्यावर लिहिते तसं, नीट, शुद्ध. त्या गाडीवर हिरो नाही, माझे पती आहेत, शेत माझ्या वडिलांचं आहे, मी तिथे उभी होते.

थोड्याच वेळात उत्तरं यायला लागली. कुणी हसणारी तोंडं टाकली. कुणी लिहिलं, आंटी, सपने अच्छे हैं. एकाने लिहिलं, प्रूफ है क्या?

काजल पेटली. "मामी, पुरावा देऊ आपण. शर्ट आहे का अजून?"

"शर्ट काय, बाजारात पण मिळतो."

"मग थांब." तिने तो तुकडा काढला, मध्येच थांबवला आणि दोन बोटांनी मोठा केला. आकाशी शर्ट, वाऱ्याने मागे पडलेली कॉलर, उघडी मान. "काहीतरी दिसेल. बघ ना नीट."

मी बघितलं. मानेच्या मुळाशी, केस संपतात तिथे, एकाखाली एक दोन तीळ. मी इतक्या वर्षांत तो तुकडा इतका थांबवून कधी बघितलाच नव्हता, मला तो बघवत नसे. पण ते तीळ मला ओळखायला क्षणही लागला नाही. दिलीपला ते आहेत हे माहीत नाही. स्वतःची मान माणसाला कुठे दिसते. सासूबाईंनी कधी पाहिले असतील तर त्या विसरल्या असतील. त्या हिरोईनचा गाल त्या तिळांपासून वीतभर अंतरावर होता, आणि तिनेही ते पाहिले नव्हते.

एवढंच लिहायचं होतं. दिलीपचा एक फोटो टाकायचा, बाण काढायचा, झालं. सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. कदाचित तिलाही कुणीतरी दाखवलं असतं.

मी लिहिलेलं पुसून टाकलं.

"का गं मामी?"

"नको. पुरावा नाही आपल्याकडे."

काजल हिरमुसली आणि पाणी आणायला घराकडे गेली. दिलीपने पेंडी टाकली, कमरेवर हात ठेवून पाठ ताणली आणि विचारलं, "काय शोधत होतात एवढं दोघी?"

"काही नाही. वळ तिकडे. मानेला पेंढा लागलाय."

तो वळला. मी हाताने त्याची मान सावकाश झाडली. तिथे पेंढा वगैरे काही नव्हता.